कातळ, हाडं आणि ळ : यातलं नक्की ठरलंय काय?

मासुंदा
रविवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. नौपाड्यात आमचा सकाळच्या फेरीनंतरचा चहाचा कट्टा आहे. सहा-सात जण, सगळे निवृत्त, सगळे फॉरवर्डपीडित. गेल्या आठवड्यात कट्ट्यावर तीन भांडणं झाली आणि तिन्ही अर्धवट राहिली.

पहिलं, डायनोसॉर आपल्या सह्याद्रीच्या लाव्ह्याने मेले की मेक्सिकोत आदळलेल्या दगडाने? दुसरं, राखीगढीच्या सांगाड्याने 'आर्य बाहेरून आले' हे खोटं ठरवलं की खरं? एकाने एक कात्रण काढलं, दुसऱ्याने दुसरं. दोन्ही एकाच आठवड्यातली, आणि बरोबर उलटी. तिसरं, मराठी संस्कृतची मुलगी की तमिळची बहीण?

आता २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन म्हणून सोसायटीने माझ्या गळ्यात वीस मिनिटांचं भाषण मारलंय. माझं आयुष्य बँकेत गेलं. ताळेबंद जुळल्याशिवाय रात्री घरी जायचं नाही ही आमची सवय. इथे बघावं तर दर दोन-चार वर्षांनी आकडे बदलतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

फळ्यावर दोन रकाने आखणार आहे : 'ठरलंय' आणि 'वाद चालू'. भरून द्या.


घोडबंदरला_अडकलेला
रविवार, सकाळी १०:५२

पहिल्या रकान्यात घोडबंदरची ट्रॅफिक लिहा काका. त्यावर जगात दुमत नाही.


ऐरोलीची_आयडी
रविवार, सकाळी ११:०५

रुमाल टाकून ठेवते. राखीगढीवर संध्याकाळी लिहीन, आत्ता डोशाचं पीठ वाट बघतंय.


काळाकातळ
रविवार, दुपारी १२:३०

मासुंदाकाका, पहिल्या भांडणावर मी लिहितो, पोट त्यावरच भरतं.

आधी ठरलेलं सांगतो. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातानमध्ये चिक्सुलुबला अशनी आदळला, विवर साधारण १८० किलोमीटरचं. १९८० साली आल्व्हारेझ बापलेकांनी त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, अशनीत जास्त असणारा धातू) सापडल्याचं मांडलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली. विवर खरं, थर खरा. आणि त्याच सुमाराला आपल्याकडे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता, हेही खरं. आज उरलेला दख्खनचा कातळच पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. तुम्ही ज्यावर बसून चहा पिता तो त्यातलाच.

भांडण आहे ते क्रमाचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले. एका गटाने दोन लाव्ह्यांच्या मधल्या लाल मातीच्या पट्ट्यातून झिरकॉनचे बारीक स्फटिक काढले आणि युरेनियम-शिशाच्या घड्याळाने (युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, किती झालं त्यावरून) वय काढलं. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात हा लाल पट्टा दिसतो, आमच्या भाषेत 'बोल'. ते म्हणाले, लाव्हा चार जोरदार उमाळ्यांत आला आणि त्यातला एक मोठा उमाळा अशनीच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. दुसऱ्या गटाने खुद्द बेसॉल्टमधल्या (म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या कातळातल्या) खनिजावर तसंच आर्गॉनचं घड्याळ लावलं. ते म्हणाले, साधारण तीन चतुर्थांश लाव्हा अशनीनंतर आला.

आता गंमत बघा. लाव्ह्याला सगळा मिळून दहा लाख वर्षांच्या आसपास काळ लागला, हे दोघांनाही मान्य. 'अशनी पडला तो क्षण' आपल्या थरांच्या गठ्ठ्यात नेमका कुठल्या पानावर, एवढ्यावरच फाटलं. त्या पानांची जागतिक नावं अशी : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. आर्गॉनवाला गट ती रेघ बुशे-पोलादपूरच्या सांध्यावर मारतो, झिरकॉनवाला वर आंबेनळीत. अमेरिकेतले प्राध्यापक पोलादपूर की आंबेनळी यावर हमरीतुमरीवर आलेत, आणि आपण त्या घाटात फक्त वडापावला थांबतो.


घोडबंदरला_अडकलेला
रविवार, दुपारी १२:४१

ही थरांची नावं आहेत की कुठल्या पॅसेंजरचे थांबे?


टिकाव_फावडं
रविवार, दुपारी १:१५

एवढी घड्याळं कशाला? सरळ कार्बन डेटिंग करून मोकळं व्हायचं ना.


काळाकातळ
रविवार, दुपारी १:३३

@टिकाव_फावडं : कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्यासारखा उरतच नाही. शिवाय तो एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूत लागतो. कातळ कधी जिवंत नव्हता (बायको म्हणते त्याचा अभ्यास करणारेही नसतात).


उलव्याचा_मुकादम
रविवार, दुपारी २:१०

मी भूशास्त्र शिकलेलो नाही, डिप्लोमावाला आहे. पण नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी उतरवली तेव्हा एका पोटकंत्राटदाराकडे होतो. रोज सुरुंग. धूळ बसली की ताजा कापलेला कातळ दिसायचा. मला वाटायचं डोंगर म्हणजे एक अखंड काळा ठोकळा. तसं नाही. खाली घट्ट, वर बुडबुड्यांनी जाळीदार, त्यावर पुन्हा घट्ट. इडलीच्या कुकरमधल्या ताटल्यांसारखं. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट स्फटिक असायचे. पोरं ते खिशात घालून न्यायची. माझ्या टीव्हीच्या टेबलावर एक आहे, मुलगी त्याला 'आईसक्रीम दगड' म्हणते.

एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता तो इथे विचारतो. थर समुद्राच्या बाजूला कललेले वाटायचे. तो भास होता का?


काळाकातळ
रविवार, दुपारी २:४८

मुकादमसाहेब, भास नाही, तुमची नजर चांगली आहे. घाटावर हे थर जवळपास आडवे आहेत. पनवेल-कल्याणच्या पट्ट्यात ते वाकतात आणि तिथून पश्चिमेला समुद्राकडे उतरत जातात. या वाकाला जगभर 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. भारताचा पश्चिम किनारा ताणला जाऊन तुटला, पलीकडचा सेशेल्सचा तुकडा दूर गेला, त्या ओढाताणीशी याचा संबंध लावतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडंही किनाऱ्याला समांतर अशा झऱ्यांच्या रांगेतली.

आणि तुमचे आईसक्रीम दगड बहुतेक झिओलाइट गटातले. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर खनिजांचं पाणी झिरपलं, पोकळीत स्फटिक वाढले. फोटो टाका.


दुर्वास_२
रविवार, दुपारी ४:२०

दगडांचं ठीक आहे हो. पण राखीगढीचं ठरलेलं आहे. २०१९ लाच सिद्ध झालं की आर्य आक्रमण हे इंग्रजांचं थोतांड. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांच्यासारख्या आपल्या माणसांनी सिद्ध केलं. तरी काही लोक विदेशी प्रयोगशाळांच्या नावाने उड्या मारतात.


सँडविच_विदाऊट_चटणी
रविवार, दुपारी ४:२२

आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.


ऐरोलीची_आयडी
रविवार, संध्याकाळी ७:५५

डोसे झाले. आता लिहिते.

दुर्वासजी, शिंदे सरांचं काम मोठंच आहे. पण त्यांचा तो निबंध हार्वर्डच्या डेव्हिड राइख यांच्या प्रयोगशाळेबरोबरचा आहे. म्हणजे तुमचे 'आपले' आणि 'विदेशी' एकाच कागदावर सही करून बसलेत.

सप्टेंबर २०१९ मध्ये दोन निबंध एकदमच आले. 'सेल' या नियतकालिकात राखीगढीचा, 'सायन्स'मध्ये मध्य आणि दक्षिण आशियातल्या ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएचा. काही लेखक दोन्हींत सामाईक. मासुंदाकाकांच्या कट्ट्यावरची दोन उलटी कात्रणं म्हणजे हीच. एकाने एकाचा मथळा केला, दुसऱ्याने दुसऱ्याचा.

हरियाणात हिसार जिल्ह्यात राखीगढी, सिंधू संस्कृतीचं शहर. तिथल्या दफनभूमीतल्या साठेक नमुन्यांतून डीएनए काढायचा प्रयत्न झाला. आपल्या हवेत डीएनए टिकत नाही, लोणच्याला बुरशी धरते तिथे हाडांचं काय. एका बाईच्या नमुन्यातून कसाबसा वाचता येईल एवढा मिळाला. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची बाई, पुरताना शेजारी मडकी ठेवलेली. तिच्यात स्टेपमधल्या, म्हणजे कास्पियनच्या वरच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही. इराणच्या जुन्या लोकांशी नातं आहे, पण तो फाटा शेती सुरू होण्याच्या आधीच वेगळा झालेला. म्हणून निबंधाचं म्हणणं असं की आपल्याकडे शेती पश्चिमेकडून शेतकऱ्यांच्या लोंढ्याबरोबर आलेली दिसत नाही. ही खरी नवी गोष्ट होती आणि तिच्याकडे कुणी बघितलंच नाही.

आता दुसरा निबंध. आजच्या बहुतेक भारतीयांत तो स्टेपचा अंश कमीजास्त आहे. सिंधूच्या भरभराटीच्या काळातल्या बाईत नाही, आपल्यात आहे, तर मधे कधीतरी आला असणार. त्यांचा हिशोब इसवीसनपूर्व २००० ते १५०० चा.

तेव्हा 'ती बाई स्टेपची नव्हती' हे बरोबर. 'म्हणून नंतर कुणी आलंच नाही' हे त्यातून निघत नाही. आणि 'आक्रमण' हा शब्द तर डीएनएमध्ये लिहिलेला नसतोच. लोक आले एवढं दिसतं. तलवारी घेऊन, की गुरं घेऊन, की सोयरीक करून, ते हाड सांगत नाही.


दुर्वास_२
रविवार, रात्री ८:३०

एका बाईवरून संपूर्ण संस्कृतीबद्दल निष्कर्ष? हेच का तुमचं विज्ञान?


ऐरोलीची_आयडी
रविवार, रात्री ८:४४

मुद्दा रास्त आहे, आणि गंमत म्हणजे तो तुमच्याच पहिल्या प्रतिसादाच्या विरुद्ध जातो. :) मात्र ती अगदी एकटी नाही. तुर्कमेनिस्तानातलं गोनुर आणि इराणमधलं शहर-ए-सोख्ता इथे अकरा सांगाडे असे मिळालेत की ते आजूबाजूच्यांशी जुळत नाहीत, हिच्याशी जुळतात. सिंधू भागातून तिकडे गेलेली माणसं असावीत असा अंदाज आहे. तरी बारा म्हणजे बाराच. सिंधूच्या शहरांतून आणखी नमुने हवेत हे कुणीही मान्य करेल.


हरिनिवासची_मीना
रविवार, रात्री ९:१२

विषय निघालाय म्हणून. मी टेंभी नाक्याजवळ वाढले. तिथलं सिनेगॉग १८७९ सालचं. शाळेत माझ्या बाकावरची मैत्रीण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू, आडनाव गावावरून कर-प्रत्ययाचं, भाऊबीज आमच्याकडे, मलिदा त्यांच्याकडे. तिची आजी सांगायची की पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली. आम्ही हसायचो, प्रत्येकाच्याच घरात अशी एक गोष्ट असते.

२०१६ मध्ये त्यांच्या डीएनएवर काम झालं. ज्यू आणि भारतीय, दोन्ही अंश भरपूर, आणि मिसळण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची. गलबत कुणी मोजलं नाही, पण 'पूर्वज बाहेरून आले आणि इथल्यांत मिसळले' हा आजीच्या गोष्टीचा गाभा टिकला. आणि भाषा? आजी मराठीत ओव्या म्हणायची. तिच्या रक्ताचा एक भाग कुठला आणि जीभ कुठली, यांची गाठ नाहीच.


ऐरोलीची_आयडी
रविवार, रात्री ९:२०

मीनाताई, __/\__ . माझ्या दोन पानांत जे बसलं नाही ते तुमच्या आजीत बसलं.

त्याला जोडून : २०१३ मध्ये हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि जनुकांवर काम करणारी संस्था) आणि राइख यांच्या गटाने काढलं की भारतात साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी सर्रास मिसळ चालली होती. अगदी दुर्गम जमातींतही तिच्या खुणा आहेत. मग ती थांबली, लग्नं जातीतल्या जातीत व्हायला लागली.


घोडबंदरला_अडकलेला
रविवार, रात्री ९:२६

मिसळ ठाण्यात थांबलेली नाही. मामलेदारला या, मध्यम तिखट.


सँडविच_विदाऊट_चटणी
रविवार, रात्री ९:३१

मध्यम खाणाऱ्याने मत मांडू नये. तिखट खा नाहीतर दही घेऊन घरी बस.

(पुढचे सोळा प्रतिसाद मिसळीवर गेल्याने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)


कळव्याच्या_बाई
सोमवार, सकाळी ११:१०

तिसरं भांडण माझं. तीस वर्षं मराठी शिकवलं.

काका, 'संस्कृतची मुलगी की तमिळची बहीण' हा प्रश्नच गैर आहे. भाषेच्या वंशाबद्दल अभ्यासकांत वाद नाही : मराठी प्राकृतातून आली, महाराष्ट्री प्राकृताशी तिचं नातं जवळचं, कुळ इंडो-युरोपीय. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख दोन हजार वर्षांहून जुना, भाषा प्राकृत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा हीच परंपरा पुढे ठेवली होती. हे 'ठरलंय'मध्ये लिहा.

वाद आहे तो शेजाराचा. डोंबिवली, कांदिवली, बोरिवली, ऐरोली, घणसोली. या शेपटांचा अभ्यास फ्रँकलिन साउथवर्थ यांनी केला. त्यांचं म्हणणं, हे वली-ओली म्हणजे द्रविड 'पळ्ळी', वस्ती. कन्नडमध्ये प चा ह होऊन 'हळ्ळी' झालं, आपल्याकडे प चा व. कोकणपट्टीत अशी गावं दाट. म्हणजे इथे आधी द्रविड बोलणारे होते आणि त्यांनी पुढे भाषा बदलली. विरोधक म्हणतात, 'पल्ली' संस्कृतातही आहे, तेव्हा नाव ठेवणारा कोण होता ते शेपटावरून कळत नाही. त्यावर उत्तर, की संस्कृतातच तो शब्द दक्षिणेकडून आला असावा. असं चाललंय.

'आपण' आणि 'आम्ही' हा फरकही असाच. "आम्ही जेवायला चाललोय" म्हटलं की समोरच्याने समजून घरी जायचं, "आपण जाऊ" म्हटलं की चप्पल घालायची. हिंदीत हे नाही, तमिळ-तेलुगूत आहे. मात्र गुजरातीतही आहे. आणि आपला लाडका ळ, तोही द्रविड शेजाराचा पुरावा म्हणून सांगतात.


घणसोलीचा_आगरी
सोमवार, सकाळी ११:४८

बाई, एक शंका. आमच्या घरी 'डोळा' नाही, 'डोला'. 'पाणी' नाही, 'पानी'. 'कोळी' नाही, 'कोली'. घणसोली नाव तुम्ही द्रविड म्हणता, आणि त्या घणसोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माझ्या आयेच्या तोंडात ळ नाही. मग आमी कोन?

(आणि शाळेत यावरून आमच्या पाठीत किती धपाटे बसले ते लिहीत नाही. बाईंनी मारले नसतील.)


कळव्याच्या_बाई
सोमवार, दुपारी १२:२०

मारले नाहीत, पण वहीवर लाल रेघा मारल्या आहेत. आज तुमचा प्रतिसाद वाचून त्या आठवल्या.

शंकेचं उत्तर : ळ वरून कुळ काढता येत नाही, याचा तुमची आये हाच पुरावा. ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे' अशी आहे. पंजाबी, राजस्थानी, ओडियातही ळ आहे. ध्वनी शेजाऱ्यांकडून येतात, बदलतात, गळतात. काका, ळ फळ्यावरून काढून टाका. मीही तो पुरावा म्हणून वर्गात सांगत आले होते.


काळाकातळ
सोमवार, दुपारी १:०५

बाई, बाहेरचा माणूस म्हणून विचारतो. भाषेला आमच्यासारखं घड्याळ आहे का?


कळव्याच्या_बाई
सोमवार, दुपारी २:४०

लावून बघतात. २०२३ च्या जुलैमध्ये 'सायन्स'मध्ये १६१ भाषांच्या शब्दांवरून गणित मांडलं गेलं : मूळ इंडो-युरोपीय भाषा साधारण ८,१०० वर्षं जुनी, उगम कॉकेशसच्या दक्षिणेला, आणि आपली इंडो-इराणी फांदी सात हजार वर्षांच्या सुमारास वेगळी. ऐरोलीताईंच्या स्टेपवाल्यांबरोबरच ही भाषा आली असं मानलं तर हे बसत नाही, कारण तिथले पशुपालक त्याच्या दोन-एक हजार वर्षं नंतरचे.

यावर जुना आक्षेप बैलगाडीचा, आणि मला तो फार आवडतो. आपलं चाक, आस आणि जू घ्या. संस्कृतात चक्र, अक्ष, युग. इंग्रजीत व्हील, ॲक्सल, योक. तिन्ही जोड्या एकाच मुळाच्या. चाकाचे पुरावे मिळतात ते साडेपाच हजार वर्षांच्या आसपासचे. मग भाषा सात हजार वर्षांपूर्वी फुटल्या असतील, तर न बनलेल्या गाडीच्या भागांना सगळ्यांनी सारखी नावं कशी ठेवली? दुसरी बाजू म्हणते, मूळ शब्द 'फिरणं', 'जोडणं' असे साधे होते, गाडी आल्यावर जो तो तेच वापरू लागला. एखाद-दुसऱ्या शब्दाला हे पटतं. अख्ख्या गाडीला पटवून घेणं मला जड जातं.


दुर्वास_२
सोमवार, दुपारी ३:१५

बैलगाडीचा मुद्दा आवडला. आमच्या गावी जू अजून माळ्यावर आहे. बाकी मतभेद कायम.


मासुंदा
सोमवार, रात्री ९:००

धन्य झालो. तरी बँकवाल्याचं समाधान होईना. आकडा बदलला तर आधीचा खोटा होता ना?


काळाकातळ
सोमवार, रात्री ९:४०

काका, लोणार घ्या. बेसॉल्टमधलं अशनीविवर, व्यास १.८ किलोमीटर. पूर्वी एका पद्धतीने वय ५२ हजार वर्षं धरत. मग आर्गॉनने मोजलं तर ५ लाख ७० हजार आलं. दहापटीहून जास्त. पण हे अशनीने झालंय की ज्वालामुखीने, हा वाद त्याआधीच मिटला होता, आणि वय बदललं म्हणून तो पुन्हा उघडला नाही. आकडा हलतो तेव्हा कुठली खुर्ची हलली नाही तेही बघायचं. तुमच्या पासबुकात व्याज चुकलं तर खातं बंद होत नाही.

कधीकधी आकड्यावर भांडण नसतंच. मार्च २०२४ मध्ये 'मानवयुग' हा नवा भूशास्त्रीय काळ मानायचा का यावर समितीत मतदान झालं, १२ विरुद्ध ४ ने फेटाळलं. माणसाने पृथ्वी बदलली हे सगळ्यांना मान्य, रेघ १९५० च्या आसपास मारायची का यावर नाही म्हणाले.


उलव्याचा_मुकादम
सोमवार, रात्री ९:५५

माणसाने पृथ्वी बदलली का याला मत कशाला? आमची टेकडी कुठाय विचारा.


मासुंदा
१ मार्च, सकाळी ८:१५

भाषण झालं. फळा असा भरला.

ठरलंय : अशनी पडला, लाव्हा वाहिला. राखीगढीच्या बाईत स्टेप नाही, आपल्यात आहे. मराठी प्राकृताची.
वाद चालू : बुशे की आंबेनळी. कोण, किती, कसे आले. वली कुणाची. बैलगाडी.

मधे एक तिसरा रकाना आखावा लागला : 'याचा त्याच्याशी संबंध नाही'. त्यात रक्त-भाषा आणि ळ-कुळ. सगळ्यात जास्त चर्चा याच रकान्यावर झाली.

मुकादमसाहेबांनी स्वतः येऊन आईसक्रीम दगड दिला होता, तो हातोहात फिरला. शेवटी प्रश्नोत्तरं ठेवली. पहिला हात सेक्रेटरींचा. मला वाटलं झिरकॉनबद्दल विचारणार. म्हणाले, "खाली एवढा कातळ आहे तर रिडेव्हलपमेंटला पायलिंगचा खर्च वाचेल का?"

@काळाकातळ, उत्तर द्या. तुमचं नाव सांगून आलोय.


काळाकातळ
१ मार्च, सकाळी ८:४०

कातळ किती खोल आहे त्यावर. आधी बोअर मारून बघा.


घोडबंदरला_अडकलेला
१ मार्च, सकाळी ८:४३

तोपर्यंत 'वाद चालू'.